बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

(केंद्र शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर ‘मोठ्या संख्यांचे वाचन व लेखन’ असा विषय आहे. वाचन आणि लेखन यांवर आपण यापूर्वी पुष्कळ बोललो आहोत. स्थानांच्या नावांचे तक्ते बहुतेक शाळांच्या भिंतींवर लागलेले आहेत, आणि एकं, दहं, शतं पासून दशकोटीपर्यंत मुले न अडखळता म्हणतात, हे मी शाळाभेटीत ऐकतो. परंतु ‘कोटी म्हणजे केवढे?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. नाव ठाऊक असते, आकार ठाऊक नसतो. हा दोष मुलांचा नव्हे. कोटीचा अनुभव येईल असे काही आपण त्यांच्यापुढे ठेवलेलेच नसते. म्हणून आज मी एकच संख्या घेऊन आलो आहे. तिच्या आधाराने पहिलीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक इयत्तेला काही ना काही काम देता येते. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना या गोष्टीचे मोल मी सांगावयास नको.

ती संख्या अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

फळ्यावर ती सावकाश लिहावी. अंक वीस आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची जी नावे दिली आहेत ती एकापासून परार्धापर्यंत अठरा आहेत. म्हणजे ही संख्या त्या नावांच्याही पलीकडे दोन घरे जाते. त्या नावांनी ती वाचावयाची तर एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधि, चार शंकु, चार महापद्म, निखर्वाच्या स्थानी शून्य, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, कोटीच्या स्थानी शून्य, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहाशे पंधरा अशी वाचावी लागेल. ही नावे मुलांकडून पाठ करून घ्यावीत असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु निखर्वाचे व कोटीचे स्थान रिकामे असतानाही तेथे शून्य का लिहावे लागते, हे या एका वाचनात जितके स्पष्ट होते तितके तीन अंकी संख्यांच्या पन्नास उदाहरणांत होत नाही.

संख्या आली कोठून ते आपणांस ठाऊक असेलच. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्याला राजाने ‘हवे ते माग’ म्हटले. त्याने पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे चौसष्टाव्या घरापर्यंत मागितले. राजा हसला. नंतर हिशेब झाला तेव्हा कोठारे रिकामी करूनही मागणी पुरी होईना. त्या सर्व दाण्यांची बेरीज म्हणजे ही संख्या. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा हिंदुस्थानातील म्हणून सांगितली असून शोधकाचे नाव सिस्सा असे दिले आहे. त्याहून दोनअडीचशे वर्षे आधी, सुमारे इ. स. १००० च्या सुमारास, अल्-बीरुनीने आपल्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज अचूक काढून ठेवली होती. बुद्धिबळाचा उगम आपल्याकडील चतुरंग खेळात आहे, हे खरे. राजाची गोष्ट मात्र गोष्टच आहे. ‘गुरुजी, हे खरेच घडले होते का?’ असे एखाद्या मुलाने विचारले तर ‘गोष्ट रचलेली, गणित खरे’ असे स्वच्छ सांगावे.

आता ही संख्या वर्गात कशी आणावी? एका वस्तीशाळेत मी पाहिलेला प्रकार सांगतो. बाईंनी खडूने जमिनीवर मोठा पट आखला आणि मुलांना गव्हाचे दाणे मांडावयास बसविले. पाचव्या, सहाव्या घरापर्यंत सारे उत्साहात चालले. आठव्या घरात एकशे अठ्ठावीस दाणे मोजताना भांडणे झाली. दहाव्या घरात पाचशे बारा दाणे हवे होते आणि मोजणारे दोनदा चुकले. तेव्हा चौथीतील एक मुलगी, जी पाढ्यांत कच्ची म्हणून मागे बसविली जात असे, म्हणाली, ‘बाई, आता दाणे नको, वाट्या मोजू या.’ तिने मोजलेले पाचशे बारा दाणे एका लहान वाटीत ओतले, वाटीवर खूण केली आणि पुढच्या घरात दोन वाट्या, त्यापुढे चार वाट्या असे मांडू लागली. पायली, मण, खंडी ही मापे माणसाला का सुचली असतील, त्याचे उत्तर त्या मुलीने कोणी न शिकविता दिले. बाईंनी तिला त्या क्षणी अडविले नाही, याबद्दल मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले. ‘सांगितले तेवढेच कर’ असे त्या म्हणाल्या असत्या, तर ती मुलगी आणखी एक वर्ष मागेच बसली असती.

गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारणतः चाळीस ग्रॅम भरते. वाणाप्रमाणे ते कमीअधिक होईल. गावातील दुकानदाराच्या काट्यावर ते मुलांकडूनच करवून घ्यावे. एवढे वजन हाती आले की पुढचा हिशेब मुले स्वतः करतात. पटाच्या पहिल्या ओळीत आठ घरांचे मिळून २५५ दाणे, म्हणजे दहा ग्रॅम, एक चिमूट. दोन ओळींचे ६५,५३५ दाणे, म्हणजे सुमारे अडीच किलो. पाचसहा माणसांच्या घराला ते दोनतीन दिवस पुरतील. तीन ओळींचे १,६७,७७,२१५, म्हणजे सुमारे पावणेसात क्विंटल, बैलगाडीभर. येथे मुलांना प्रथमच कोटी डोळ्यांनी दिसतो : एक कोटी गव्हाचे दाणे म्हणजे चार क्विंटल, शंभर किलोची चार पोती. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो, कारण भिंतीवरील तक्ता जे देत नाही ते हे वाक्य देते.

चार ओळी, म्हणजे अर्धा पट, पुरा झाला की ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. त्यांचे वजन सुमारे १७२ टन, म्हणजे दहा टनी सतरा ट्रक भरून वर थोडे. राजा अद्यापि हसतो आहे. एवढे धान्य तर एखाद्या मोठ्या बाजार समितीतही दिसते. पण प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीच्या २५६ पट असते, आणि अर्धा पट संपल्यावर या २५६ चा खरा प्रताप दिसू लागतो. पाच ओळींस सुमारे ४४ हजार टन. सहा ओळींस सव्वा कोटीच्या आत, सुमारे १ कोटी १३ लक्ष टन, म्हणजे आपल्या देशात हल्ली वर्षाला पिकणाऱ्या गव्हाच्या साधारण दहावा हिस्सा. सात ओळींस २८८ कोटी टन. आणि पूर्ण पटास सुमारे ७३,८०० कोटी टन. सर्व जगात आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. तेव्हा सिस्साचे देणे फेडण्यास साऱ्या पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक लागेल, आणि तोवर कोणी पोळी खावयाची नाही.

येथवर तिसरी ते पाचवीचे काम झाले. बेरीज कशी काढावी हा प्रश्न आता येतो. चौसष्ट संख्या एकाखाली एक मांडण्याची गरज नाही. पहिलीतील मुलासही पटेल अशी युक्ती आहे. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा. तो पहिल्या घरातील एका दाण्यात मिळवा : दोन झाले. दुसऱ्या घरातही दोन आहेत. मिळविले, चार झाले. तिसऱ्यात चार आहेत. मिळविले, आठ झाले. प्रत्येक वेळी हातातील ढीग पुढील घराएवढाच असतो. शेवटी चौसष्ट घरे उचलल्यावर हातातील ढीग पासष्टाव्या घराएवढा होतो, ते घर असते तर. मग उसना दाणा परत करा. म्हणून बेरीज नेहमी पुढील घरापेक्षा एकाने कमी. कोणत्याही घरात आधीच्या सर्व घरांच्या मिळून बेरजेहून एक दाणा अधिक असतो, हेही यातूनच निघते. सूत्र पुढे येईल तेव्हा येवो. उसन्या दाण्याची ही सिद्धता सूत्रापेक्षा कमी पक्की नाही.

पासष्टाव्या घराची संख्या काढावयास चौसष्ट वेळा दुप्पट करावे लागते काय? तेही नको. यासाठी आपल्याकडे फार जुना मार्ग आहे आणि तो मराठीच्या तासाला आपण शिकवितो त्या वृत्तांच्या शास्त्रातून आलेला आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रश्न असा आहे की, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असेल तर अमुक अक्षरांच्या चरणाचे प्रकार किती? एका अक्षराचे दोन, दोहोंचे चार, तिहींचे आठ. म्हणूनच गण आठ आहेत. हीच आपली दुपटीची माळ. पिंगलाची रीत अशी : अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि शून्यापर्यंत जा. मग उलट येताना, जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करा व जेथे निम्मे केले होते तेथे वर्ग करा. शार्दूलविक्रीडिताची अक्षरे एकोणीस. १९ चे १८, त्याचे ९, त्याचे ८, मग ४, २, १, शून्य. उलट येताना २, ४, १६, २५६, ५१२, २,६२,१४४ आणि अखेर ५,२४,२८८. म्हणजे एकोणीस अक्षरांच्या सव्वापाच लाख रचनांतून म, स, ज, स, त, त, ग या गणांची एक रचना कवींच्या कानांनी निवडली. मराठी आणि गणित यांचे तास वेळापत्रकात वेगळे असले तरी मुलाचे डोके एकच असते, एवढे येथे जाता जाता नमूद करतो.

चौसष्टासाठी ही रीत आणखी सोपी पडते, कारण चौसष्ट सहा वेळा निम्मे होतात. दोनापासून सहा वर्ग : ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. अल्-बीरुनीनेही वर्ग करण्याचीच वाट धरली होती. शेवटचा गुणाकार लांब आहे. सातवीच्या वर्गात तो चार मुलांत वाटून द्यावा आणि ताळा नवाच्या कसोटीने घ्यावा. दुपटीच्या माळेत नऊने भागून उरणाऱ्या बाक्या १, २, ४, ८, ७, ५ अशा सहांच्या फेऱ्यात फिरतात. पहिल्या घरापासून मोजता पासष्टावे घर या फेऱ्यात पाचव्या जागी येते, म्हणून बाकी ७ आली पाहिजे. एक वजा केल्यावर आपल्या संख्येची बाकी ६. आता तिच्या अंकांची बेरीज करा : ८७. आठ आणि सात पंधरा, एक आणि पाच सहा. जमले. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र ही कसोटी चूक पकडत नाही, आणि नक्कल करताना मुलांची तीच चूक सर्वांत अधिक होते, हे ध्यानात असावे.

वरच्या इयत्तांसाठी आणखी एक दालन आहे. पहिल्या ओळीची बेरीज २५५, म्हणजे ३ × ५ × १७. दोन ओळींची बेरीज ही २५५ × २५७. चार ओळींची ६५,५३५ × ६५,५३७. आणि साऱ्या पटाची बेरीज ही अर्ध्या पटाची बेरीज गुणिले त्याहून दोनाने मोठी संख्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७. हे सारे ‘वर्ग वजा एक’ या एकाच नियमाचे खेळ आहेत आणि आठवीच्या मुलास ते स्वतः शोधून काढता येतात.

यातील शेवटच्या संख्येला इतिहास आहे. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या साऱ्या मूळ संख्या. पुढची ४,२९,४९,६७,२९७ हीदेखील मूळच असणार, असे सतराव्या शतकातील थोर फ्रेंच गणिती फर्मा यांस वाटले. जवळजवळ शंभर वर्षे कोणी ते खोडले नाही. १७३२ साली ऑयलर यांनी दाखविले की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळेलच असे नाही, आणि हे फर्मासारख्यासही लागू पडते. हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. ६७,००,४१७ ला पुढे फोड नाही. तेव्हा आपल्या वीस अंकी संख्येचे मूळ अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ असे सात ठरतात, प्रत्येक एकेकदाच. म्हणून तिचे एकूण विभाजक दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात जितके दाणे, तितकेच.

अर्ध्या पटाच्या बेरजेतही एक गंमत दडलेली आहे. १७९६ साली गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणाने केवळ पट्टी व कंपास यांनी सतरा भुजांची सुसम आकृती काढता येते हे सिद्ध केले. त्याच विचाराने आज माहीत असलेली, पट्टी-कंपासाने काढता येण्याजोगी सर्वांत मोठी विषम भुजासंख्या ठरते ती ४,२९,४९,६७,२९५. अर्ध्या पटावरील दाणे तेवढेच.

१८८३ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितीने तीन खुंट्या व चकत्यांचे कोडे काढले, आणि त्यासोबत काशीच्या देवळातील पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या हलवीत आहेत, ते काम संपताच जग संपेल, अशी कथा जोडली. हालचालींची संख्या आपलीच, वीस अंकी. सेकंदाला एक चकती हलविली तरी ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. देऊळ काल्पनिक आहे. आपल्याकडील काही वाचनपुस्तिकांतून ते खरे असल्यासारखे सांगितले जाते, ते टाळावे. आपल्या परंपरेचा गौरव करावयास पिंगल पुरेसा आहे. परक्याने रचलेल्या पुजाऱ्यांची गरज नाही.

संख्यांशी खेळणे हे थोरामोठ्यांचेच काम, असा समज करून घेऊ नये. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षकी करणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुण दाखवून दिला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि हेच करीत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते व तेथेच राहते. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ, एवढ्या भांडवलावर हे झाले. आज जगभर त्या संख्येला त्यांचे नाव आहे.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. दुप्पट होत जाणारी गोष्ट आरंभी निरुपद्रवी दिसते, अर्ध्या पटापर्यंत राजा हसतच असतो, आणि मग आवरत नाही. आपल्या गावांत ही गोष्ट दाण्यांच्या रूपाने येत नाही. कर्जाच्या रूपाने येते. दरमहा शेकडा तीन, हा दर ऐकावयास लहान वाटतो. व्याज दर महिन्यास मुद्दलात मिळविले गेले तर हजार रुपयांचे चोवीस महिन्यांत २,०३३ होतात. म्हणजे दोन वर्षांत एक घर पुढे. दहा वर्षांत पाच घरे ओलांडून ती रक्कम ३४,७०० रुपयांच्या वर जाते. जुन्या हिंदू धर्मशास्त्रातील आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानलेला दामदुपटीचा नियम आपण ऐकला असेल : एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. ज्यांनी तो घातला त्यांनी दुपटीचा स्वभाव ओळखून पहिल्याच घरावर कुंपण घातले होते. आठवीत चक्रवाढ व्याजाचे सूत्र आपण देतो, मुले त्यात आकडे भरतात आणि गुण मिळवितात. त्याच मुलांचे वडील कोणत्या कागदावर अंगठा वा सही करतात, तो दर महिन्याचा की वर्षाचा, सरळ की चक्रवाढ, हे त्या मुलास वाचता आले पाहिजे. अशा वेळी घरातील शिकलेले मूल हेच त्या घराचे कारकून असते.

म्हणून व्याजाच्या पाठापूर्वी पटाचा पाठ घ्यावा, अशी माझी सूचना आहे. क्रमिक पुस्तकात तो क्रम नसला तरी हरकत नाही. शाळाभेटीत मी त्याबद्दल विचारणार नाही, उलट पट आखलेला दिसला तर बसून पाहीन.

पुढील महिन्याच्या परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या गावात पिकणाऱ्या एका धान्याचे हजार दाणे मोजून व वजन करून त्याची नोंद आणावी : गहू, ज्वारी, बाजरी, भात, नाचणी, जे असेल ते. वजन मुलांनी केलेले असावे आणि नोंदीवर त्यांचीच अक्षरे असावीत. सर्व नोंदी एकत्र आल्या की आपल्या केंद्रापुरता तक्ता करू आणि तीन ओळींचे धान्य कोणत्या गावात किती पोती भरते ते पाहू. नाचणीचे दाणे मोजताना मुले कुरकुर करतील. त्यांना वाटीची आठवण आपण करून देऊ नये, ती त्यांची त्यांनाच होऊ द्यावी.